बाहुल्यांना हात लावू नये

९ फेब्रुवारी

आज सभेत मी तोंड उघडलं आणि स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतला.

झालं असं, की राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयाला आमच्या छोट्या संग्रहालयातल्या कळसूत्री बाहुल्या हव्या आहेत. एक-दोन नाही, सगळ्या. म्हणजे बाबांच्या. सहा वर्षांपूर्वी बाबांनी खेळ बंद केले तेव्हा स्वतःच्या हातांनी कोरलेली ती सगळी फौज त्यांनी इथे देऊन टाकली. मी इथे कार्यक्रम ठरवायच्या नोकरीवर, त्यामुळे येता-जाता काचेतून रोज त्यांची भेट होते. विश्वस्त तर बाहुल्या द्यायला एका पायावर तयार! म्हणे, त्या दालनात कुत्रं फिरकत नाही, तिकडे गेल्या तर निदान नीट राहतील. नीट म्हणजे तळघरात, खोक्यांत, कायमच्या. हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एक संधी द्या. थंडी सरली की घरच्या सगळ्यांनी मिळून यावं असा एक रविवार करू. बाबा स्वतः खेळ करतील, याच बाहुल्यांचा. हॉल भरला तर बाहुल्या इथेच राहतील."

संचालकांनी पेनाचं टोपण चावलं. ते विचार करतायत असं त्यांना दाखवायचं असलं की ते टोपण चावतात. मग म्हणाले, "हॉल भरला पाहिजे आणि बाहुल्यांना ओरखडाही येता कामा नये. त्या आता संग्रहातल्या वस्तू आहेत, तुमच्या घरच्या नाहीत."

"चालेल," मी ठणकावून सांगितलं. २९ मार्च ठरली.

बाबांना अजून विचारलेलंच नाही. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, त्यातली गत.

११ फेब्रुवारी

विचारलं. बाबा काही बोलायच्या आतच आई म्हणाली, "त्यांना नाही जमायचं."

"मी काय तुला विचारलं?" मी.

बाबा खुर्चीत बसून माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. मी एवढी पोटतिडकीने बोलतेय आणि यांचं लक्ष भिंतीकडे! मी तळघराचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. "खोक्यात? सगळ्यांना?" म्हणाले, आणि एकदम हात पुढे केला तो कपाला लागून चहा माझ्या मांडीवर. वर मलाच ओरडले, "कुठेही काय कप ठेवतेस गं!"

कप तिथे आईने ठेवला होता. पण ते हो म्हणालेत, तेव्हा चहा माफ.

निघताना आई माझ्यामागे फाटकापर्यंत आली. "आधी मला विचारायचं होतंस."

"तुला का? खेळ त्यांचा."

ती काहीतरी बोलणार होती, पण आतून बाबांनी हाक मारली आणि ती पळाली. हल्ली त्यांना एक मिनिट आईशिवाय करमत नाही. तरुणपणी महिना-महिना दौऱ्यावर असायचे तेव्हा कुठे होतं हे प्रेम, कोण जाणे.

१८ फेब्रुवारी

तालीम सुरू. बाहुल्या संग्रहालयाबाहेर काढता येत नाहीत, म्हणून घरी नुसत्या काठ्या घेऊन. खेळ त्यांचा जुनाच, गाढवाच्या खटल्याचा. चोर धोबिणीचं गाढव पळवतो आणि न्यायाधीश गाढवाचीच साक्ष काढतो. आवाज अजून तसाच आहे त्यांचा! धोबीण बोलायला लागली तेव्हा मी लहानपणीसारखी फरशीवर बसून खदाखदा हसले.

पण आईची लुडबुड असह्य आहे. त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसते आणि पुटपुटत राहते, "उजवीकडून तिसरी... आता दुसरी..." ज्या माणसाने हा खेळ चाळीस वर्षं केला त्याला ही शिकवणार! मी म्हटलं तसं, तर दोघंही गप्प झाले. अळीमिळी गुपचिळी.

जाहिरातीचं नमुना-पत्रक दाखवलं तर बाबांनी हातातही घेतलं नाही. "वाचून दाखव. वाचल्यावर कसं वाटतं ते महत्त्वाचं." मी वाचून दाखवलं. चित्राबद्दल एक अक्षर नाही. तीन रात्री जागून काढलंय ते चित्र मी.

२७ फेब्रुवारी

आज बाबांना संग्रहालयात नेलं. शरमेने मान खाली गेली.

संचालक दारापर्यंत आले, हसून हात पुढे केला. बाबा ढिम्म. हात तसाच हवेत. शेवटी आईने बाबांच्या कोपराला ढोसलं तेव्हा यांनी हात पुढे केला, तोपर्यंत संचालकांनी आपला मागे घेतला होता. कलावंताचा ताठा असतो, मान्य. पण वेळ-काळ काही आहे की नाही? इथे मी पदर पसरून उभी आहे आणि हे महाराज तोऱ्यात!

मग जतनवाली आली. हिचं काम वस्तूंची निगा राखणं. बाई बोलते कमी आणि बघते फार. मी मनातल्या मनात तिला हातमोजे म्हणते, कारण दिवसभर तिच्या हातांत ते पांढरे सुती मोजे असतात. तिने बाबांपुढे एक नवी जोडी धरली आणि म्हणाली, "संग्रहातली वस्तू उघड्या हातांनी हाताळता येत नाही. घामाने लाकूड आणि रंग खराब होतो. खेळ मोजे घालूनच करावा लागेल."

"माझा घाम प्यायलाच आहे तो रंग," बाबा म्हणाले.

ती हसली नाही. तिला कुणी हसताना पाहिलेलंही नाही.

७ मार्च

सत्यानाश.

हॉलमधली पहिली तालीम. पडद्यामागे आडवी दांडी, तिला बाहुल्या ओळीने टांगलेल्या. प्रत्येक बाहुलीचे दोरे वर तिच्यासाठी वेगळ्या कोरलेल्या लाकडी मुठीला बांधलेले असतात. ती मूठ दांडीवरून उचलायची आणि खेळवायची, इतकं साधं. बाबांनी मोजे घातले, दांडीवर हात फिरवला, एक मूठ उचलली, परत ठेवली. दुसरी उचलली. तीही ठेवली. मग दोन्ही मोजे ओढून काढले आणि फेकून दिले.

"हे घालून मला काही कळत नाही."

"काय कळायचंय त्यात? समोर तर टांगल्यात!" मी ओरडलेच.

आई माझ्याकडे अशी बघत होती जशी मी बाबांच्या कानाखाली वाजवली. बाबा म्हणाले, "घरी चल गं," आणि तिच्या दंडाला धरून निघून गेले. मी मोजे उचलले. जतनवाली दाराशी उभी राहून सगळं बघत होती.

८ मार्च

आईशी फोनवर कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, त्यांचा हा हट्ट माझ्या मुळावर उठणार आहे. अर्ध्या गावाला आमंत्रणं गेलीत, शाळांना कळवलंय, विश्वस्त पहिल्या रांगेत बसणार. आई म्हणाली, "हट्ट नाही तो."

"मग काय आहे?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग हळूच, "तू एकदा शांतपणे घरी ये." मला कुठे आहे शांतपणा? खुर्च्यांचं बघायचंय, आवाजाचं बघायचंय. नवरा म्हणतो, "तुझे बाबा हल्ली टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. लक्षात आलंय तुझ्या?" मी म्हटलं, त्या टीव्हीवर बघण्यासारखं असतं तरी काय.

१५ मार्च

बाबा मोजे घालायला तयार! एकच अट, दांडीवर बाहुल्या आई टांगणार, तिच्या क्रमाने, आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. म्हटलं, लावा बाबा, आईने लावा, आजीने लावा, काहीही करा.

संध्याकाळी जतनवालीने जिन्यात गाठलं. "तुमचे वडील चष्मा नाही लावत?"

"नटायची हौस आहे त्यांना. चष्म्याने म्हातारं दिसतं म्हणतात."

तिने मान हलवली, दोन पायऱ्या उतरली, परत वळली. "आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे?" आता हिला माझ्या घरच्या उठाठेवी कशाला? मी काम आहे म्हणून सटकले.

हवा बदलतेय. संग्रहालयाच्या आवारातल्या झाडांना पालवी फुटलीय. मला रात्री झोप नाही आणि दिवसा भूक नाही. त्या बाहुल्या गेल्या तर मी रोज त्या रिकाम्या कपाटांवरून जाणार कशी, हा एकच विचार डोक्यात घोळतोय.

३० मार्च

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सगळं लिहिते, जसं घडलं तसं. आपल्याला सोयीचं तेवढंच लिहायची खोड आहे मला, ती आज नको.

हॉल भरला. खुर्च्या संपल्या, जिन्यात लोक बसले, मुलं तर पडद्याला नाक लावून. आजोबा, नातवंडं, पोटुशी बायको घेऊन आलेला एक गवंडी, सगळे. मी हवेत होते. खेळाआधी विश्वस्तांना पडद्यामागची बाजू दाखवायची होती म्हणून मी पुढे जाऊन नजर टाकली, तर दांडीवर नुसता गोंधळ. चोरापलीकडे न्यायाधीश, मग गाढव, दोन शिपाई एकमेकांपासून लांब, संग्रह-क्रमांकांचा पत्ता नाही. प्रत्येक बाहुलीच्या पाठीला चिठ्ठी आहे, तिच्यावर क्रमांक आहे. सहा वर्षं मी त्याच क्रमाने त्या बघत आलेय. बाबांची अट आठवलीच नाही, वाटलं, आईने घाईत कशाही टांगल्या. विश्वस्त काय म्हणतील? आई-बाबा बाहेरच्या खोलीत पाणी पीत होते. मी मोजे चढवले आणि सगळ्या बाहुल्या क्रमांकाने नीट लावल्या. मीच. या हातांनी. वर, किती छान दिसतंय म्हणून खूशही झाले.

खेळ सुरू झाला. पहिला प्रवेश राजाचा, तो दोन्ही क्रमांत पहिलाच, म्हणून निभावलं. मग बाबांनी ललकारी दिली, "हाजीर हो! न्यायाधीश महाराज येत आहेत!" आणि मंचावर आलं गाढव.

हॉल हसून लोळला. मीही हसले. बाबा क्षणभर थांबले आणि न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाले, "आज तब्येत जरा बरी नाही, म्हणून चेहरा असा झालाय." टाळ्या! मला वाटलं, काय नवीन युक्ती काढलीय म्हाताऱ्याने.

पुढे धोबीण यायची होती. आला शिपाई. यावेळी बाबांनी काही विनोद केला नाही. शिपाई माघारी गेला. दोरे कशाततरी अडकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मंच रिकामा. पुढच्या रांगेत संचालकांनी टोपण तोंडात घातलं. एक पोरगं मोठ्याने म्हणालं, "संपलं का?"

मी धावत मागे गेले. आई स्टुलावरून उठून उभी होती. "क्रम कुणी बदलला? अगं, क्रम कुणी बदलला?" आणि बाबा दांडीसमोर उभे होते. धोबीण त्यांच्या नाकासमोर होती, वीतभर अंतरावर, लाल लुगड्यात, झगझगीत दिव्याखाली. आणि पांढरे मोजे घातलेला त्यांचा हात तिच्यावरून पुढे जात होता, मागे येत होता, पुन्हा पुढे जात होता.

तेव्हा मला कळलं. चहा, पत्रक, संचालकांचा हात, आईचं स्टूल, एका झटक्यात सगळं कळलं.

"बाबा," मी म्हटलं, "मोजे काढा."

माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी तोंड केलं. "जातील ना मग बाहुल्या."

"जाऊ देत. काढा."

त्यांना काढता येईनात, घामाने ते बोटांना चिकटले होते. मी त्यांचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवत मोजे ओढून काढले. मान वर केली तर समोर जतनवाली. विंगेत उभी, सगळं डोळ्यांदेखत. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

बाबांनी उघडा हात दांडीवरून नेला. मुठींवरून बोटं फिरवत हळू आवाजात म्हणत गेले, "चोर... हा मोठा शिपाई... ये गं बाई, ये, किती शोधलं तुला." आणि धोबीण उचलली.

त्यानंतरचा खेळ मी बघितला नाही. पडद्यामागे फरशीवर बसून नुसता ऐकला. लोक हसत होते तेव्हा मी तोंडात ओढणी कोंबून रडत होते. आई शेजारी येऊन बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

१ एप्रिल

आईने सांगितलं. दोन वर्षं झाली. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही गेलं. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. डॉक्टरांनी हात टेकले.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मुळुमुळू नाही, चांगलं तावातावाने विचारलं.

"त्यांनी शपथ घातली होती. तू नोकरी सोडून येऊन बसली असतीस म्हणाले. आणि तू आलीस की ते इतके छान वागायचे गं, दिवसभर तयारी करायचे. तू कुठे बसशील ते धरून खुर्ची लावायचे."

दर रविवारी जात होते मी त्या घरात. कप कुठे आहे यावरून त्यांच्याशी वाद घालत होते. मला स्वतःचा इतका राग येतोय की जेवण जात नाही.

विश्वस्तांकडून काही कळलेलं नाही. सगळे नुसते खेळाचं कौतुक करतात आणि नजर चुकवतात.

४ एप्रिल

आता हे बाकी होतं. जतनवालीने बाबांना भांडारात बोलावलं. लेखी! "बाहुल्यांची ओळख पटवण्यासाठी." मी बरोबर गेले, म्हटलं, एकटं सोडायचं नाही.

तिने टेबलावर एकेक बाहुली आणून ठेवली. खेळातल्याच नाही, सगळ्या. कपाटातल्या, खोक्यातल्या, वर्षानुवर्षं न उघडलेल्या. बाबांना म्हणाली, "हातात घ्या. चेहरा, हात, दोरे, सगळं चाचपा आणि ही कोण ते सांगा. सावकाश." मोजे दिले नाहीत. मोजे तिच्या कोटाच्या खिशात होते, मला दिसत होते. बाबा तर लग्नघरात आल्यासारखे खुलले. याचं नाक तीनदा कोरलं, हिचा नवरा हरवला, याला एका गावात लोकांनी दगड मारले. ती लिहून घेत होती.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पुरावा गोळा करताय ना? आंधळ्या माणसाकडून?"

"प्रत्येक बाहुलीला हात लागला पाहिजे," ती म्हणाली, "एकही सुटता कामा नये." आणि पुढचं खोकं आणायला गेली. मला वाटलं, काळीज आहे की दगड!

१९ एप्रिल

निकाल लागला. तीन आठवडे वाट बघत होते, आणि निकाल सांगायला संचालकांना दोन मिनिटं पुरली.

राजधानीवाल्यांनी माघार घेतली. त्यांना बाहुल्या नकोत. एकही नको. कारण जतनवालीचा अहवाल. तिने लिहिलं, की सर्व बाहुल्या अलीकडेच उघड्या हातांनी हाताळल्या गेल्या आहेत, त्यांच्यावर ताजा घाम आणि तेलकटपणा आहे, दोरे वापरातले आहेत, अशा वस्तू मोठ्या भांडारात इतर वस्तूंशेजारी ठेवण्याची शिफारस करता येत नाही. खाली सही. शब्दही खोटा नाही. विश्वस्त म्हणाले, हॉल भरतोच आहे तर राहू देत इथे, खेळासाठी वापरा, यापुढे संग्रहात मोजू नका.

मी तरातरा तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "आमच्या बाहुल्यांना डागाळलेल्या ठरवलंत तुम्ही. जगाला सांगितलंत, खराब झाल्या म्हणून."

"हो," ती म्हणाली.

"एवढं करून मिळालं काय तुम्हाला?"

तिने मोजे काढले, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवले. "पुढचा खेळ कधी आहे?" तिने विचारलं. "मला माझ्या आईला आणायचंय."

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून हसत सुटला. बाबांना फोन केला. तेही हसले. "तुला आत्ता कळलं? मला पहिल्या खोक्यालाच कळलं होतं!"

२१ एप्रिल

आज हॉल मोकळा होता म्हणून बाबांना घेऊन गेले. आई आली नाही, तिला म्हटलं, आजचा दिवस सुट्टी घे. दांडीपाशी त्यांच्या शेजारी तिच्या स्टुलावर मी बसले. मला धोबीण शिकायची आहे म्हटल्यावर त्यांनी माझी बोटं मुठीवर नीट बसवली आणि अर्धा तास शिव्या घातल्या. "लाटणं धरलंयस का? सैल सोड! बाईमाणूस आहे ती, तिला चालू दे." धोबीण चार वेळा तोंडावर पडली. पाचव्यांदा कशीबशी दोन पावलं चालली.

मग दमून दोघंही बसलो. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, त्यांच्या तोंडावर पडत होतं. त्यांनी डोळे मिटून ते अंगावर घेतलं. मग म्हणाले, "एक विचारू? खरं सांगशील? तुझी आई सांगत नाही."

"विचारा ना."

"तुझे केस पिकलेत का गं?"

माझा हात आपोआप कानाकडे गेला.

"कानापाशी पिकलेत," मी म्हटलं. "थोडे."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

त्यांनी मान डोलावली. मग हात पुढे केला, माझा कान शोधला, आणि तिथल्या केसांवरून अंगठा फिरवत राहिले.